टाइमस्लिपवरचे २ तास

आज दिवसभर अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांच्या बडतर्फीचे लवादी निवाडे वाचले. १९२६ च्या रेल्वे लेबर ॲक्टमुळे तिथे असा तंटा थेट कोर्टात जात नाही. आधी कंपनीतली चौकशी, मग अपील, मग ॲडजस्टमेंट बोर्ड (रेल्वेतल्या अशा तंट्यांचं लवाद मंडळ) किंवा तिघांचं पब्लिक लॉ बोर्ड: एक कंपनीचा, एक युनियनचा, एक तटस्थ. पण खरी लढाई पहिल्या चौकशीतच होते. बोर्ड सहसा नवे साक्षीदार ऐकत नाही, चौकशीत शब्दशः टिपलेलं वाचतं. तिथे न घेतलेली हरकत पुढे कामाला येत नाही.

समजा कामगाराच्या टाइमस्लिपवर, म्हणजे कामाचे तास भरायच्या चिठ्ठीवर, ८ तास आहेत आणि त्याच्या कामाच्या ट्रकचा जीपीएस ६ च दाखवतो. एवढ्याने फरक कळला, लबाडी नाही. फसवायचा हेतू कंपनीनेच दाखवायचा असतो. म्हणून युनियनच्या माणसाने तिथल्या तिथे विचारावं: स्लिप मंजूर कोणी केली? थांबून राहिल्याचा वेळ कसा धरतात? बाकीचे कसं भरतात? हे प्रश्न राहून जातात याचं फार वाईट वाटतं. कारण हेतू एकदा सिद्ध झाला की २० वर्षांची स्वच्छ नोकरीही बहुधा वाचवत नाही.