सरळ सूर

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या गावात हौशी नाटकवाल्यांचं एक मंडळ आहे. गेल्या वर्षी त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या घरादारांवरचं संगीत नाटक बसवायला घेतलं. नवरे लढाईवर, बायका कारखान्यात, मुलं खेड्यांत पाठवलेली, आणि मधूनमधून त्या काळची लाडकी गायिका व्हेरा लिन हिच्या जमान्यातली गाणी. दादरला मी दहा वर्षं नाट्यसंगीत शिकले होते, त्या बळावर ऑडिशनला गेले. कोरसमध्ये निवड झाली.

खरी परीक्षा पुढेच होती. पियानोवर बसणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच तालमीला थांबवलं. "सूर सरळ ठेव. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ नकोस." ज्या मींडेसाठी बाईंनी माझ्याकडून वर्षानुवर्षं मेहनत करून घेतली, तीच इथे सोडायची होती. त्यात मला दिला आल्टो, म्हणजे मूळ चालीच्या खालची, निराळी ओळ. आपल्याकडे दहा जण गायले तरी चाल एकच असते. इथे शेजारची बाई वरची चाल गात असताना कानाला तिच्यामागे जाऊ द्यायचं नाही. दोन महिने मी रोज गाडीत फक्त माझी ओळ घोकली. तालमीला गेलं की चौथ्या शब्दाला वरच्या चालीत शिरायचे. एकदा घरी येऊन रडलेसुद्धा.

गाणी जुनी असली तरी मोकळी नव्हती. इथल्या कायद्याने लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, आणि नाटकात गाणं घालायचं तर हॉलच्या परवान्यावर भागत नाही, वेगळी परवानगी लागते. एका गाण्याला ती मिळालीच नाही. ते गाणं काढलं, त्यासोबत एक चांगला प्रवेशही गेला.

गॅस मास्कचं मात्र मनात घर करून राहिलं. विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीने युद्ध सुरू होण्याआधीच सरकारने सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क वाटले होते. गावात जुने मिळत होते, पण त्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ते तोंडाला लावायचे नाहीत, असं आम्हाला बजावलं. आम्ही नुसती मास्क ठेवायची पुठ्ठ्याची खोकी केली, सुतळी ओवून. माझं मी स्वयंपाकघरात बसून केलं. तासाभरात सुतळीने खांद्यावर लाल वळ उठला. असं खोकं गळ्यात अडकवून सहा वर्षांची पोरं एकटी आगगाडीत बसली होती, हे तोवर मला कळलंच नव्हतं. एका प्रवेशात चहा वाटायचा होता. मी काट्यावर तोलून पाहिला: १९४०च्या जुलैपासून माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. मूठभर. मुंबईत रेशनच्या रांगेत उभी राहिलेली आणि १४ एप्रिल १९४४ला गोदीतल्या स्फोटाने खिडक्या थरथरताना पाहिलेली माझी आजी तेव्हा फार आठवली. तिला मी कधी नीट विचारलंच नाही.

शेवटून दुसरा प्रवेश १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्रीचा, जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल जळालं तेव्हाचा. तळघरात सगळ्या बायका, रंगमंचावर मिट्ट काळोख, पियानो बंद. आधी भोंगा: वरखाली हेलकावणारा, धोक्याचा. मग बराच वेळ काही नाही. मग धोका टळल्याचा भोंगा, एकाच स्वरावर, न हलता. रंगीत तालमीला तो ऐकला आणि अंगावर काटा आला. इतके दिवस मला कोरडा वाटणारा तो सरळ सूर त्या माणसांना जिवंत असल्याची खबर द्यायचा. त्याच्यावरच आमचं गाणं उचलायचं होतं.

पहिल्या प्रयोगाला काळोखात शेजारणीचा हात हाताला लागला, तो मी घट्ट धरला. भोंगा थांबला. ती वर गेली, मी खाली राहिले. चौथा शब्द आला. मी खालीच होते.

रात्री आईला फोन केला. "म्हण बघू," म्हणाली. मी माझी ओळ म्हटली. ती थोडा वेळ गप्प राहिली. "आणि वरची चाल?" दिवाळीत दादरला गेले तेव्हा ती तिला शिकवली. चकल्या तळता तळता ती वरची गायची, मी खालची. तिच्या गळ्यातली मींड काही जात नव्हती. मीही ती काढायला सांगितली नाही.