तुम्ही विचारलंत म्हणून: मांजरांना ओलं, कोरडं की कच्चं?

तुम्ही मांजरांना खायला नक्की काय घालता, ओलं की कोरडं, आणि कच्चं मांस का नाही? हे मला सतत विचारलं जातं, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ‘ओलं’ म्हटलं की परवडतं का म्हणतात. ‘थोडं कोरडंही’ म्हटलं की चेहरा बदलतो. कच्च्याला नाही म्हटलं की मांजर मुळात शिकारी, हे ऐकवतात. ते मला माहीत आहे. तर एकदाच सविस्तर सांगते.

घरात दोघं आहेत, गबरू आणि ठकी. गबरूला सकाळ-संध्याकाळ पाऊच, म्हणजे पाकिटातलं तयार ओलं खाणं, त्यात वरून कोमट पाणी, आणि रात्री वजन करून थोडे दाणे, म्हणजे कोरडं. ठकी ओल्याला तोंड लावत नाही, ती दाणेच खाते. कच्चं कोणालाच नाही. एकाच घरात दोन नियम कसे, असं तुम्ही म्हणाल. आहेत खरे.

गबरू पूर्वी पूर्ण कोरड्यावर होता. चांगल्यापैकी कंपनीचं, डॉक्टरांना दाखवून घेतलेलं. एका मे महिन्यात तो त्याच्या शी-शूच्या डब्यात सारखा जाऊन बसायला लागला. बसायचा, जोर करायचा, काही न करता बाहेर यायचा, पुन्हा आत. सासूबाई म्हणाल्या, पोट साफ होत नसेल, तूप द्या. मलाही आधी तेच वाटलं. मग तो ओरडला. भांडताना ओरडतो तसं नाही, खालच्या पट्टीत, लांबवून. शेपटीखाली चाटत राहिला, उलटी केली, पलंगाखाली शिरला आणि हाक मारली तरी येईना. रात्री उघडा असलेला दवाखाना गाठेपर्यंत तो पिशवीत निपचित पडला होता.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि माझा हात तिथे ठेवला. मूत्राशय मोसंब्याएवढं झालेलं, कडक. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. स्फटिक आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. हे सगळं त्यांनी भूल देण्याची तयारी करता करता सांगितलं. सही करताना त्यांनी स्पष्ट म्हटलं, भुलीतून उठेलच असं नाही. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, दोनदा अडला. तिसऱ्यांदा आत गेला आणि नळीतून लघवी आली ती जवळजवळ रक्तच. पुढचे दिवस तो पिंजऱ्यात, पुढच्या पायाला सलाईन, गळ्यात कॉलर. मी पिशवीत किती लघवी जमली तेवढंच बघत बसायची.

मी विचारलं, कोरड्यामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, इतकं सरळ नसतं. पाणी कमी, वजन जास्त, दिवसभर घरात, वर ताण. आमच्या इमारतीचं दुरुस्तीचं काम तेव्हाच चालू होतं आणि ठकी नुकतीच घरात आली होती. यातलं नेमकं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही मात्र सांगितलंत. ‘कोरडं म्हणजे विषच, आम्ही म्हणत होतो.’ गबरू दवाखान्यात असताना सांगितलंत.

नाही, विष नाही. असंख्य मांजरं दाण्यांवर जगतात आणि म्हातारी होतात. मी सकाळी साडेसातला घर सोडते. मुंबईच्या उकाड्यात ओलं खाणं दोन तासांत वास मारतं, दाणे संध्याकाळपर्यंत टिकतात. दाणे निवडणाऱ्या तेव्हाच्या मला मी आजही खोटं पाडू शकत नाही. एवढंच की दाण्यांनी दात साफ राहतात, हा माझा तेव्हाचा मुद्दा टिकत नाही, साध्या दाण्यांनी दात साफ होत नाहीत. आणि पाण्याचा हिशोब मी तेव्हा केला नव्हता. दाण्यांत पाणी साधारण १० टक्के, पाऊचमध्ये ७५ ते ८०, उंदराच्या अंगात दोन तृतीयांशाच्या आसपास. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, शिकारीतूनच बरंचसं पाणी मिळवणारे. वाटी भरून ठेवली तरी ती तूट मांजर पूर्ण भरून काढत नाही. म्हणून गबरूला पाऊच. महाग पडतो, हो. पोट भरायला दिवसाला तीन-चार लागतात. म्हणूनच रात्री दाणे.

मग कच्चं का नाही? त्यातही पाणी भरपूर, आणि गबरू घरी आल्यावर मी त्या विचारापर्यंत आले होते. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. संशय कोंबडीच्या मांसावर होता. त्यानंतर छिंदवाड्यात घरच्या मांजरांमध्ये तोच विषाणू सापडला. त्याच डिसेंबरात अमेरिकेत ओरेगनमध्ये कच्चं गोठवलेलं खाणं खाऊन एक घरातलं मांजर गेलं. गोठवल्याने तो विषाणू मरत नाही, शिजवल्याने मरतो. वाघ शिकारी नव्हता का? शिवाय घरात सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू ओट्यावर नकोत.

‘मग चिकन उकडून द्या’ म्हणणाऱ्यांनाही सांगते. नुसत्या मांसात कॅल्शियम अगदी कमी, फॉस्फरस भरपूर. वाढत्या पिल्लांची हाडं त्याने मोडतात. टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषक द्रव्य, उकळलेल्या पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण फेकतो. पॅकेटवाले तरी हे पहिल्यापासून जाणत होते असं समजू नका. टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय निकामी होतं हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं ते १९८७ मध्ये, आणि ती मांजरं तयार खाणंच खात होती. त्यानंतर टॉरिन वाढवलं गेलं. त्यामुळे पॅकेटवर आंधळा भरवसा नाही. पण माझ्या पातेल्यावर त्याहून कमी आहे.

दापोलीची मामी म्हणते, आमच्या मांजरी बांगडा-भातावर चौदा-चौदा वर्षं जगल्या. जगल्या, आणि रोज उंदीर-पालीही खाल्ल्या. जी पिल्लं जगली नाहीत, ती कशाने गेली ते कुणी पाहिलं नाही. मामीला हे पटत नाही.

गबरूला पुन्हा अडलेलं नाही. पाऊचमुळे, वजन उतरल्यामुळे, की इमारतीचं काम संपल्यामुळे, ते मी छातीठोक सांगणार नाही. ठकीचं काय, हे तुम्ही आता विचाराल. उपाशी ठेवा, आपोआप ओलं खाईल, असा सल्ला मला मिळाला आहे. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचून जिवावर बेतू शकतं, तेव्हा ते मी करणार नाही. मादीची नलिका रुंद असते, अडण्याची भीती फार कमी, दाणे चालतील असं डॉक्टर म्हणतात. मला पूर्ण पटलेलं नाही. घरात चार ठिकाणी पाणी ठेवलं आहे, आणि तिच्या दाण्यांशेजारी चमचाभर पाऊच रोज ठेवते. अजून तरी तो गबरूच खातो.