तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्त मार्ग दाखवतो म्हणजे नेमकं काय?

"तुम्ही लोक म्हणता, प्रभूनं मार्ग दाखवला. म्हणजे काय, आवाज येतो का?" ऑफिसात, सोसायटीत, नाताळला फराळाला आलेल्या पाहुण्यांपैकी कितीतरी जणांनी मला हे विचारलंय. आपुलकीनं विचारलंय, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आवाज येत नाही. मला तरी कधी आला नाही.

बाबा गेले आणि राहुरी तालुक्यातल्या आमच्या जमिनीची वाटणी निघाली. आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर एक तृतीयांश पत्नीचं आणि उरलेलं मुलांत सारखं. आई, दादा आणि मी, तिघांचे वाटे सारखेच निघाले. हिशेबात वाद नव्हताच, वाद होता विहिरीकडची बाजू कुणाला जाणार याचा. दादानं तीस वर्षं ते रान कसलं होतं, मी पुण्यात पगार घेत होतो, तरी विहीर माझ्याच वाट्याला यावी म्हणून मी हटून बसलो. सहा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. या सहा महिन्यांत माझी प्रार्थना मात्र चुकली नाही. रोज एकच: प्रभू, दादाला समज दे.

एका रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे लूकनं लिहिलेल्या येशूचरित्राचा, बारावा अध्याय वाचत होतो. हजारोंची गर्दी जमलीय. येशू सांगतोय, दोन पैशांना पाच चिमण्या विकतात, पण त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. इतकं हळवं बोलणं चाललेलं असताना गर्दीतून एक माणूस मध्येच म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनातला, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतला, माझा वाटा मला दे म्हणून.

मी पुस्तक मिटलं. ती माझीच प्रार्थना होती, शब्द तेवढे वेगळे.

येशू त्याला वाटणी करून देत नाही. मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं, असं उलट विचारतो, लोभापासून जपायला सांगतो आणि एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्याच्या जमिनीला भरघोस पीक येतं. तो मनाशीच बोलत राहतो: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य. आणि त्याच रात्री तो मरतो. त्या गोष्टीत शेतकऱ्याशी बोलायला बायको नाही, भाऊ नाही, शेजारी नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्याचं एकटेपण मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं.

माझा एक मित्र म्हणतो, हे तर तुझं मनच बोललं. मला ते पटत नाही. माझं मन सहा महिने एकच बोलत होतं, आणि ते नेमकं याच्या उलट होतं. 'देवानं मला सांगितलं' असं कुणी छातीठोक म्हणालं की मी स्वतः सावध होतो. माझ्याकडे कसोटी एकच आहे: ते ऐकलेलं येशूच्या शब्दांशी आणि त्याच्या जगण्याशी जुळतं का? माझ्या इच्छेशीच तेवढं जुळत असेल तर ते बहुधा त्याचं नसतं.

बायबलमध्ये कलस्सै गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात म्हटलंय की ज्ञानाचे सगळे निधी ख्रिस्तामध्ये लपलेले आहेत. त्या गावात काही शिक्षक सांगत होते की ख्रिस्त पुरेसा नाही, खाण्यापिण्याचे नियम हवेत, सणवार पाळायला हवेत, दृष्टान्त हवेत. पत्र म्हणतं, आणखी काही नको. पण निधी लपलेले आहेत, हेही तिथंच लिहिलंय. ते खणावे लागतात. मुलीनं कुठल्या कॉलेजात जावं हे मला बायबलच्या पानावर सापडलं नाही. आम्ही प्रार्थना केली, चर्चच्या पाळकसाहेबांशी आणि तिच्या मावशीशी बोललो आणि ठरवलं.

कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानं नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा भाग, दिला होता. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या तीन अध्यायांनी, त्यांना धरून ठेवलं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आमच्याच नगर-राहुरीकडे बरीच वर्षं काम केलं. लूक वाचल्यावर मीही त्या तीन अध्यायांकडे गेलो. तिथं येशू सांगतो: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. मंदिर यरुशलेमेत, ऐकणारे गालीलचे. म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. आणि मी हे वचन आयुष्यभर उलटं वाचत आलो होतो. माझ्या मनात भावाविषयी काय आहे, हे तिथं विचारलेलंच नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे, ते विचारलंय.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मी उपासनेला गेलो नाही, शिवाजीनगरहून एसटी धरली. चार तासांनी गावी पोचलो तेव्हा दादा ओट्यावर बसला होता. मी म्हणालो, "दादा, तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते बोल." तो बराच वेळ काही बोललाच नाही. वहिनी चहा ठेवून आत गेली. मग तो बोलू लागला. विहिरीचं त्यात फार थोडं होतं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी किती वेळा आलो, याचा त्याच्याकडे तारखांसकट हिशेब होता. मी मान खाली घालून ऐकत राहिलो, कारण तारखा बरोबर होत्या.

वाटणी झाली. सातबाऱ्यावर विहीर सामाईक आहे आणि पाणी सगळं दादा घेतो. आमच्यात अजून पूर्वीचा मोकळेपणा नाही, पण शनिवारी रात्री त्याचा फोन येतो. पाऊस किती झाला ते सांगतो, आईकडे देतो आणि ठेवतो.