ह्यू पॉइंट्झ मॅलेटच्या आडनावामागे : समरसेटमधली भटकंती

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकच्या बाजूने वन ट्री हिलवरून चढला, रामबागेकडून उतरला आणि माथेरान ‘शोधलं’. हे वाक्य आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. (ठाकर, धनगर, कातकरी तिथे होतेच. शोधलं ते साहेबलोकांपुरतं.) लहानपणी आम्हा भावंडांची खात्री होती की ‘पॉइंट्झ’ हे त्याचं टोपणनाव असणार. एवढे पॉइंट असलेला डोंगर सापडल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? या सप्टेंबरात भाचीकडे रेडिंगला महिनाभर राहायचा योग आला, तेव्हा ठरवलं की या नावाचा एकदा छडा लावायचाच.

सगळ्यांत आधी स्पेलिंगचं बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखे दोन दिवस फुकट जातील. आपला मॅलेट एक एल आणि एक टीवाला. इंग्लंडमध्ये हे रूप दुर्मीळ. दोन एल, दोन टीवाले त्या मानाने बरेच, आणि ते मुख्यतः नॉरफक-सफोकच्या पूर्व पट्ट्यात आणि डेव्हन-कॉर्नवॉलच्या टोकाला. नकाशावर हे ठिपके पाहिले की वाटतं, एकच घराणं दोन दिशांना पांगलं असेल. तसं समजू नका. आडनावाच्या अर्थाबद्दलच तीन मतं आहेत : जुन्या फ्रेंचमधला ‘शापित’ या अर्थाचा शब्द, संत मालोच्या नावाचं लाडकं रूप, किंवा सरळ लाकडी हातोडा. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या लोकांना चिकटू शकतात. त्यात बाहेरून आलेले वेगळेच. अठराव्या शतकातला डेव्हिड मॅलेट हा कवी मुळात स्कॉटलंडचा मॅलक. लंडनला आल्यावर त्याने आडनाव बदलून घेतलं. सर लुई मॅलेट हा लंडनच्या इंडिया ऑफिसातला बडा अधिकारी, पण त्याचं घराणं जिनीव्हाचं. म्हणजे हिंदुस्थानच्या कारभारात दोन मॅलेट घराणी आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. आपल्याकडे सगळे जोशी एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच.

पहिला दिवस लंडनमध्ये काढला. ब्रिटिश म्युझियमच्या मागे, लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसला लागून मॅलेट स्ट्रीट आहे. पाटी बघून फोटो काढला, एवढंच. या रस्त्याला नाव मिळालं ते सर एडवर्ड मॅलेट या वकिलातीतल्या माणसामुळे. त्याची बायको ड्यूक ऑफ बेडफर्डची मुलगी आणि ही सगळी जमीन ड्यूकची. हा एडवर्ड म्हणजे चार्ल्स वॉर मॅलेटचा नातू. हा चार्ल्स पुणेकरांना माहीत असेल : १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, संगमावर राहायचा, नाना फडणविसांशी त्याची गाठ. आणि माथेरानवाला ह्यू याच चार्ल्सच्या आठ मुलांपैकी एक. टिपूविरुद्धचा १७९० चा तह पुण्याच्या दरबारात होतानाचं थॉमस डॅनियलचं मोठं चित्र टेट संग्रहालयाच्या मालकीचं आहे. ते भिंतीवर आहे की गोदामात, हे निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर बघा. ब्रिटिश लायब्ररीत मॅलेटचे कागद आहेत. वाचक-कार्ड फुकट मिळतं, मात्र राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि कागद आधी मागवून ठेवावे लागतात. पर्यटकाने पासपोर्टखेरीज भारतातल्या पत्त्याचं बँकेचं पत्रक जवळ ठेवावं.

दुसऱ्या दिवशी शेप्टन मॅलेट, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या समरसेट परगण्यातलं गाव. रेडिंगहून थेट गाडीने कॅसल केरी गाठायचं. शेप्टनला स्टेशन नाही, होती ती दोन्ही साठच्या दशकात बंद झाली. पुढचे सातेक मैल बसने किंवा टॅक्सीने. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. स्टेशनाबाहेर रिक्षास्टँडसारखी रांग असेल अशा समजुतीत मी उतरलो. बाहेर एक सायकल होती आणि एक कावळा. दीड तास बाकावर बसून भाचीने दिलेले पराठे संपवले. तुम्ही बसनेच जाणार असाल तर वेल्सहून (हे समरसेटमधलंच गाव, वेल्स देश नव्हे) जाणं सोपं, आणि रविवार टाळा.

स्टेशनवर बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. आपल्याकडे गाव माणसाला आडनाव देतं : चिपळूणकर, सातारकर. इथे उलट. शेप्टन म्हणजे मेंढ्यांचा वाडा, आणि असे वाडे समरसेटमध्ये अनेक. मग हा कुणाचा? मॅलेटांचा. तो दुसरा कुणाचा? बोशांपांचा, म्हणून शेप्टन बोशांप (आता तिथले लोक ‘बीचम’ म्हणतात). वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक असा भेद आपण करतो, तो यांनी मालकाच्या आडनावाने केला. १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत, हे गाव नुसतंच शेप्टन आहे, ग्लास्टनबरीच्या मठाच्या जमिनीत मोडणारं. मॅलेट इथे आले ते ११०० च्या आसपास. डोम्सडेत मॅलेट आहेत, पण पार दुसऱ्या टोकाला, सफोकमध्ये. विल्यम मॅलेट हा १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत (फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं ती) नक्की होता असं ज्या मोजक्या नॉर्मनांबद्दल सांगता येतं त्यांतला एक. त्याने सफोकमध्ये आय नावाच्या गावी किल्ला बांधला, मुलगा रॉबर्ट याने तिथेच मठ काढला. बाराव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती जहागीर घराण्याच्या हातून गेली. समरसेटचे मॅलेट त्याच विल्यमचे, असं घराणं अभिमानाने सांगतं. मधल्या कड्या मात्र कागदावर नीट जुळत नाहीत.

गावात दोन गोष्टी बघा. पहिलं सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्च. आत शिरून मान वर करा : पंधराव्या शतकातलं ओकचं छत, उपड्या गाडीच्या टपासारखं, कोरीव काम केलेल्या साडेतीनशे चौकटींचं. छोटी दुर्बीण असेल तर न्या, मी मोबाइलचा कॅमेरा ताणून ताणून पाहिलं. मला तिथे खेचून नेलं ते दोन दगडी सरदारांनी. अंगात साखळ्यांचं चिलखत, नाकं झिजून सपाट झालेली. हे मॅलेट आहेत असं परंपरा सांगते. एकाच्या ढालीच्या कडेवर बोट फिरवलं तर दगड साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत लागला. नाव कुठेच कोरलेलं नाही.

दुसरं, तुरुंग. १६२५ पासूनचा, २०१३ मध्ये बंद झाला आणि पुढे पर्यटकांसाठी उघडला. तिकीट काढून आत जाता येतं, वेळा आधी बघून घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने तो वापरला, फाशीही इथेच दिल्या. मला त्याचं अप्रूप दुसऱ्याच कारणासाठी. बाँबहल्ल्यांच्या भीतीने लंडनच्या सरकारी दप्तरखान्यातले मौल्यवान दस्तऐवज इथे हलवले होते आणि त्यांत डोम्सडे बुक होतं. ज्या पुस्तकात रॉबर्ट मॅलेटचं नाव लिहिलंय, ते मॅलेटच्या नावाच्या गावात, जाड भिंतींआड सुखरूप राहिलं. उलट समरसेटच्या लोकांची जुनी मृत्युपत्रं एक्सेटरला ठेवलेली होती. मे १९४२ मधल्या बाँबहल्ल्यात ती जळून गेली. त्यामुळे इथल्या कुठल्याही घराण्याचा माग काढणाऱ्याने मृत्युपत्रांची फार आशा धरू नये.

तिसऱ्या दिवशी भाचीने सुट्टी काढली आणि गाडी घेऊन आम्ही करी मॅलेटला गेलो. टॉन्टनपासून सातेक मैल. गाडी हवीच. रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेलं कुंपण आणि मधे एका गाडीपुरती फट. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा भाचीला बरंच अंतर मागे यावं लागलं. मी काचेतून हात बाहेर काढून कुंपणातल्या ब्लॅकबेरी तोडत होतो, त्यावर ती म्हणाली, “मामा, हात आत घ्या, नाहीतर इथेच उतरवते.” करीचा रश्श्याशी काही संबंध नाही. शेजारी नॉर्थ करी आणि करी रिव्हलही आहेत. दुपारच्या जेवणाची सोय बरोबर ठेवा.

नावातली गाठ सुटते ती या गावात. इथला आणि शेप्टनचा धनी विल्यम मॅलेट हा १२१५ मध्ये जॉन राजाकडून मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेची, अंमलबजावणी करून घेण्यासाठी नेमलेल्या पंचवीस सरदारांपैकी एक. तो लवकरच वारला. वतन दोन मुलींकडे गेलं, मेबल आणि हेलविस. हेलविस ज्याला दिली त्याचं नाव ह्यू पॉइंट्झ! करी मॅलेट पुढे पॉइंट्झांकडेच राहिलं. म्हणजे १८०८ मध्ये चार्ल्सने मुलाचं नाव ठेवताना सहाशे वर्षांपूर्वीच्या जावयाचं नाव जसंच्या तसं उचललं, असा माझा कयास आहे. पेशवाईत आणि इंग्लंडात दोन्हीकडे नाव कमावलेल्या, १७९१ मध्ये बॅरोनेट (हा वंशपरंपरागत किताब) झालेल्या माणसाला आपलं मूळ जुनं असल्याचं जगाला सांगायचं असणार. त्याचा बाप टॉन्टनजवळच्या कूम फ्लोरीला धर्मगुरू होता. तशी साधीच पात.

आणि मोठी पात? ती एन्मोरला, ब्रिजवॉटरजवळ. तिथली एलिझाबेथ मॅलेट मोठ्या इस्टेटीची एकुलती वारस. १६६५ मध्ये अर्ल ऑफ रॉचेस्टरने तिला लंडनमध्ये घोडागाडीतून पळवलं, त्यापायी लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगली, आणि दोन वर्षांनी तिने त्याच्याशीच लग्न केलं. एन्मोरही असं मुलीकडून दुसऱ्या घरात गेलं. शेप्टन, करी, एन्मोर : तिन्हीकडे जमीन मुलींबरोबर गेली, आणि एक एलचं आडनाव टिकलं ते जमीन कमी असलेल्या धाकट्यांमुळे. ते मग नोकरीसाठी कंपनी सरकारात शिरले, पुण्याला आले, माथेरान चढले.

येताना सटन मॅलेट पाहिलं. हे पोल्डन टेकड्यांच्या पायथ्याचं चिमुकलं गाव. चर्च वापरात नाही पण नीट राखलंय, आतली उंच पाठीची बंदिस्त बाकं बघण्यासारखी. पंधरा मिनिटं पुरतात. हिवाळ्यात हा सखल भाग पाण्याखाली जातो, म्हणून उन्हाळ्यात किंवा सप्टेंबरात या. सफोकमधल्या आयला जायला यावेळी जमलं नाही. जाणाऱ्यांनी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून डिस गाठावं, तिथून ते जवळ आहे.

स्वतःचा असाच शोध घ्यायचा असेल तर दप्तरखान्याबद्दल चार शब्द. समरसेटचं दप्तर टॉन्टनबाहेर नॉर्टन फिट्झवॉरेनला आहे. जागा आणि कागद दोन्ही आधी ठरवून जा, पेन खिशात ठेवा, आत फक्त पेन्सिल चालते. गावागावच्या चर्चच्या नोंदवह्या जास्तीत जास्त १५३८ पर्यंत मागे जातात, सरकारी जन्ममृत्यू नोंद जुलै १८३७ पासून. जनगणना दर दहा वर्षांनी, पण माणसांची नावं कामाला येतात ती १८४१ पासून. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. मला सर्वांत आवडली ती १९११ ची, कारण त्यात घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला मूळ कागद दिसतो. गुमास्त्याने उतरवताना घातलेला घोळ नाही, माणूस आपलं आडनाव स्वतः कसं लिहितो ते समोर येतं. त्या वेळी या गणनेचा मुख्य अधिकारी होता सर बर्नार्ड मॅलेट, म्हणजे दोन एलवाला, जिनीव्हाच्या लुईचा मुलगा. शोधताना एक एल, दोन एल, एक टी, दोन टी अशी चारही रूपं टाका.

करी मॅलेटच्या चर्चमध्ये दाराशी अभ्यागतांची वही होती, दोरीला बांधलेल्या पेनासकट. शेवटची नोंद बरीच जुनी. भाची म्हणाली, “लिहा ना मामा, मराठीत लिहा.” नाव लिहिलं, गावाच्या रकान्यात पुणे, आणि अभिप्रायाच्या रकान्यात : ह्यू पॉइंट्झ यांना भेटायला आलो होतो, माथेरानला गेल्याचं कळलं.