दीड मिलिमीटरची ढिलाई

कात्रीने कागद कापताना माणसाची जीभ थोडी बाहेर येते. निदान आमच्या घराण्यात तरी सगळ्यांची येते. भाचीने आणलेल्या कटिंग मशीनपुढे मात्र जिभेला काही काम उरत नाही. चित्र लॅपटॉपवर मांडायचं, कार्डशीट चिकट मॅटवर दाबून बसवायची, बटण दाबायचं आणि बघत राहायचं. मॅट पुढेमागे सरकते, पात डावीउजवीकडे पळते आणि दोघींच्या त्या लगबगीतून पणतीची गोलाई कापली जाते. आवाज फार होत नाही. आमच्या मिक्सरपुढे तर ते मौनच म्हणायचं.

दिवाळीचा फराळ वाटायला घरीच खोकी करायची, असं आम्ही दोघींनी ठरवलं. बाजारात तयार खोकी ढिगाने मिळतात, पुण्याच्या बोहरी आळीत तर मिळतातच मिळतात. पण मशीन दारात आल्यावर विकतची खोकी आणणं भाचीला कमीपणाचं वाटत होतं. मलाही तसंच वाटलं, हे तिला सांगितलं नाही.

खोकं उलगडून पाहिलं तर त्यात कापण्याचं काम थोडंच असतं. मधे चौकोन, चार बाजूंना चार भिंती, कोपऱ्यांत चिकटवायच्या पट्ट्या. कापायची ती बाहेरची कड. आतल्या सगळ्या रेषा न कापता नुसत्या दाबायच्या. प्रेसवाले त्याला क्रीज मारणं म्हणतात. कापणं आणि दाबणं एकाच फटक्यात करायची युक्ती जगाला एका गोंधळातून मिळाली. १८७९ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या कारखान्यात बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापल्या जात होत्या. पिशवीला घडी पाडणारी धातूची पट्टी जागेवरून हलली आणि घडी पाडायच्या ऐवजी पिशव्या कापत सुटली. दुसरा कोणी असता तर नुकसानीचा हिशेब करत बसला असता. गेअरला त्यात सपाट येणारं आणि हवं तेव्हा उभं राहणारं खोकं दिसलं.

आपल्याकडे लग्नपत्रिकांचं आणि मिठाईच्या खोक्यांचं पंचिंग करणारे आजही याच तत्त्वावर चालतात. लाकडी फळीत पोलादी पट्ट्या ठोकलेल्या असतात. कापणाऱ्या पट्टीला धार आणि उंची जरा जास्त, घडीची पट्टी बोथट आणि किंचित बुटकी. त्या केसभर फरकावर खोक्याचा जन्म अवलंबून असतो. घरच्या मशीनमध्ये हाच फरक दोन वेगळ्या टोकांनी साधावा लागतो. धारदार पातीच्या शेजारी एक बोथट टोक बसतं, ते आधी घड्यांच्या रेषा दाबून घेतं आणि मग पात कापायला निघते.

दाबलेल्या रेषेचीही एक खोड असते. एका बाजूला खळगा पडतो, दुसरीकडे बारीक उंचवटा उठतो. घडी घालताना तो उंचवटा आतल्या बाजूला गेला पाहिजे. आपला हात मात्र खळग्याकडेच वळतो, कारण तिथे कागद दुमडायला तयारच आहे असं वाटतं. जाड कार्डशीट अशी उलटी दुमडली की वरचा रंग तडकतो आणि आतला पांढरा गाभा दिसतो. शिवाय गिरणीच्या कागदाला दिशा असते. त्याचे तंतू यंत्राच्या वाटेने झोपलेले असतात, त्या अंगाने दुमडला तर कागद निमूट वळतो, आडवा दुमडला की कुरकुरतो. आता चौकोनी खोक्याला दोन्ही अंगांनी घड्या लागणारच. म्हणजे दोन भिंती गुणी आणि दोन भिंती हट्टी, हे ठरलेलंच. ज्या घरात चार भावंडं आहेत तिथे हे समजावून सांगावं लागणार नाही.

कागद आम्ही २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा घेतला. वहीच्या कागदाच्या तिप्पटचौपट वजनाचा, साधारण तृतीयांश मिलिमीटर जाड. ही जाडी नगण्य वाटते, पण झाकणाची वेळ आली की ती हिशेब मागते. खालचं खोकं दहा सेंटिमीटरचं असेल तर झाकणही नेमकं दहाचं करून चालत नाही. भिंतींची जाडी, आत वळवलेल्या पट्ट्या, गोंदाचा थर हे सगळं धरून झाकण दीडेक मिलिमीटरने मोठं ठेवावं लागतं. त्याहून कमी ठेवलं तर झाकण बसतं खरं, पण उघडत नाही, उचलताना आत हवा शिरायलाच वाट उरत नाही. जास्त ठेवलं तर खोकं उचलताना झाकण हातात आणि लाडू जमिनीवर. मशीन मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूक कापतं, पण किती अचूक राहायचं नाही हे त्याला आपणच सांगायचं. माझ्या मते या साऱ्या उद्योगातली खरी मजा इथेच आहे.

झाकणावर ‘शुभ दीपावली’ सोनेरी कागदात कापून लावायचं होतं. इथे शिरोरेखेचे उपकार कळले. रोमन अक्षरं कापली की सुटी होतात, एकेक चिमट्याने उचलून ओळीत चिकटवत बसा. आपला शब्द दोरीवरच्या कपड्यांसारखा अख्खा उचलता येतो. मात्र लॅपटॉपला ही शिरोरेखा एक आहे हे पटवून द्यावं लागतं. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी, त्यामुळे अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथेही तो पात फिरवतो. सगळी अक्षरं आधी एकजीव करून घेतली की शब्द जोडलेला निघतो. अनुस्वाराला मात्र कुणाचाच आधार नाही. एका झाकणासाठी ‘आनंद’ कापला, तर त्याचं टिंब पंख्याच्या वाऱ्याने कुठे गेलं कोण जाणे. उलट अक्षराच्या आकाराची जाळी कापायची असेल तर व, ब, म यांच्या पोटातला कागद गळून पडतो. त्याला धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. भाची म्हणाली, “मावशी, तू शाळेत हे अक्षरांचं असं कधी बघितलं होतंस का?” शाळेत आम्ही फक्त शिरोरेखा सरळ येते का एवढंच बघायचो.

खोक्याभोवतीच्या पट्ट्यासाठी मी पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद आणला होता. संस्था १९४०ची. सुती चिंध्यांच्या लांब तंतूंचा तो कागद पातीला जुमानत नाही. कडेला लव सुटते आणि बारीक नक्षी भुगा होऊन येते. त्याला मशीनमध्ये घालण्याचा आग्रह आम्ही सोडला. पट्टीच्या कडेने हाताने फाडला की त्याची केसाळ कड इतकी सुरेख दिसते की कापायचंच कशाला?

स्वयंपाकघर आणि कटिंग मशीन यांचं मात्र जमत नाही. चकलीच्या भाजणीचं पीठ हवेत असतं, ते चिकट मॅटवर बसतं, आणि पिठाने माखलेल्या मॅटवरून कागद ऐन कापताना सरकतो. मग मॅट ओल्या पुसणीने पुसून वाळवायची. कापलेला कागद सोडवायचीही रीत आहे: मॅट पालथी घालून, कागद ओट्याला टेकवून मॅटच वाकवत वर उचलायची. कागद ओढला तर त्याला कायमचा बाक येतो.

फराळाला खोक्याच्या भूमितीशी काही देणंघेणं नसतं. लाडू शिस्तीत बसतात. चकली तेल सोडते, म्हणून खाली बटर पेपर हवाच, नाहीतर संध्याकाळपर्यंत खोक्याच्या बुडावर नकाशा उमटतो. करंजी कुठल्याच कोपऱ्यात मावत नाही. चिवडा सगळीकडे मावतो, म्हणून त्याला पिशवीत कोंडायचं. पूर्वी ताटात वाट्या मांडून वर क्रोशाचा रुमाल टाकला की झालं, आणि ते ताट रिकामं परत येत नसे. कागदी खोक्याने ही परतफेड संपवली असं आम्ही गृहीत धरलं होतं. देणाऱ्याने देऊन मोकळं व्हावं, घेणाऱ्याने खाऊन.

तळमजल्यावरच्या काकूंना हा हिशेब मान्य नव्हता. भाऊबीजेला त्यांनी आमचंच खोकं नातवाबरोबर वर पाठवलं. आत शंकरपाळे इतके शिगोशीग भरले होते की झाकण टेकतच नव्हतं. दीड मिलिमीटरची ढिलाई कधीच संपली होती, भिंती बाहेर फुगल्या होत्या, आणि सोनेरी ‘शुभ दीपावली’वरून काकूंनी दुधाच्या पिशवीचं लाल रबर आडवंउभं लावून दिलं होतं.