चौथा रकाना : कुठे फसलो

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं समितीचं पत्र आलं. इमारतीवर, मैदानावर, गॅदरिंगवर बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार आहे इंग्रजीच्या सरांच्या शनिवारच्या शेवटच्या तासावर, आणि त्यातही फक्त पक्ष्यांच्या नावांवर.

सर फळ्यावर चार रकाने आखायचे : शब्द, जुनं रूप, शेजारची भाषा आणि 'कुठे फसलो'. क्रम ठरलेला. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावायला बंदी. आधी जुनं रूप काढायचं, मग त्याचा भाऊबंद जर्मनमध्ये, लॅटिनमध्ये, संस्कृतात आहे का ते पाहायचं. चौथा रकाना भरेपर्यंत डस्टरला हात लावायचा नाही.

सुरुवात 'बर्ड'पासून. जुन्या इंग्रजीत तो होता 'ब्रिड', आणि अर्थ पक्षी नव्हे, पिल्लू. 'र' आणि 'इ' यांनी जागा बदलल्या. मतलबचं मतबल होतं, तसंच. पक्ष्याला खरा शब्द होता 'फुगोल'. त्याचं 'फाउल' झालं आणि ते बिचारं बहुतेक खुराड्यातच अडकलं. जर्मनांचा 'फोगल' मात्र अजून आभाळभर आहे.

'गूज' आणि 'हंस' ही एकाच मुळाची लेकरं, हे सरांनी सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. त्यांनी मध्ये जर्मन 'गान्स' लिहिला. इंग्रजीत 'स'च्या आधीचा 'न' गळला आणि मागचा स्वर लांबला. 'टूथ'मध्येही 'न' असाच गेला. आपण 'दंत'चा 'दात' केला त्यात वेगळं काय झालं? न गेला, अ चा आ झाला. एवढ्या एका ओळीत ध्वनिबदल डोक्यात बसला, तो पुढे जाड पुस्तकं वाचूनही याहून नीट बसला नसता.

आता 'व्हीटइअर'. हिवाळ्यात माळावर येणारा, दगडावर बसून शेपूट हलवणारा लहानसा पक्षी. वर्गातून उत्तर आलं : गव्हाचं कणीस! स्पेलिंग तेच सांगतं. सर म्हणाले, "अरे, तो किडे खातो. गव्हाशी त्याचं काय देणंघेणं?" मग जुनं रूप लिहायला वळले आणि खडू थांबला. पहिला तुकडा 'व्हाइट', पांढरा. दुसऱ्या तुकड्याचा सरळ मराठी अर्थ नववीच्या वर्गात उच्चारण्याजोगा नव्हता. शेवटी फळ्यावर 'पार्श्वभाग' असा भारदस्त शब्द उमटला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. पक्षी उडाला की शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा दिसतो, त्यावरून हे नाव. चौथ्या रकान्यात सरांनी लिहिलं : जुन्या रूपातला शेवटचा 'स' अनेकवचनाचा वाटला, तो काढला, उरलं त्यात कान आणि कणीस दिसू लागलं.

'रेडस्टार्ट'मधला 'स्टार्ट'ही सुरुवात नव्हे, शेपूट. इंग्रजांनी शेपटीचा तांबडा रंग पाहिला. आपण तिचं थरथरणं पाहिलं आणि त्याला थिरथिरा म्हटलं. 'ओरिओल'च्या पोटात लॅटिन सोनं आहे. आपल्याला तिथे हळद दिसली, म्हणून हळद्या. सोन्यापेक्षा हळदच जास्त जुळते, असं माझं मत.

काही नावं विद्वानांनीच बिघडवली. 'टार्मिगन' हा स्कॉटलंडच्या डोंगरातला गेलिक शब्द. 1684 मध्ये रॉबर्ट सिबाल्ड यांनी त्याच्या पुढे एक मुका 'पी' जोडला, कारण तो त्यांना पंखवाल्या ग्रीक शब्दांच्या घराण्यातला वाटला. तो 'पी' अजून तसाच आहे.

आपल्याकडून गेलेल्या नावांवर सरांचा विशेष जीव. 'पिट्टा' हा तेलुगू शब्द, अर्थ नुसता लहान पक्षी. आपला नवरंग मात्र जगभर त्याच नावाने ओळखला जातो. लाल मुनियेचं शास्त्रीय नाव 'अमांदावा', म्हणजे आपलं अहमदाबाद. पिंजऱ्यातले हे पक्षी तिथून बाहेर जात, म्हणून गावच त्यांना चिकटलं. टर्कीची तर पुरती दैना : मूळचा मेक्सिकोकडचा, इंग्रजांनी तुर्कस्तानचा ठरवला, तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटलं, पोर्तुगीजांनी 'पेरू'. एकाचाही पत्ता बरोबर नाही.

आज कोशाच्या नोंदी तपासताना माझ्याही कागदावर हेच चार रकाने असतात. शाळेत आता स्मार्ट बोर्ड आलाय, आणि ज्या कपाटात तो पाठ फाटलेला कोश असायचा तिथे चषक मांडलेत. चषक हवेतच. पण कोश कुठे गेला, हे कुणीतरी शोधावं. बोटावर अर्थ येतो आता, चौथा रकाना येत नाही.

सरांची स्वतःची वही त्यांच्या घरच्यांनी वाचनालयाला दिली आहे. तिच्या शेवटच्या पानावर 'पेंग्विन' आहे. जुनं रूप : कदाचित वेल्श 'पेन ग्विन', पांढरं डोकं. पण पेंग्विनचं डोकं तर काळं! खाली बारीक अक्षरात टीप : हे नाव आधी उत्तर अटलांटिकमधल्या ग्रेट ऑकचं होतं, त्याच्या डोळ्यापुढे पांढरा ठिपका असे, आणि शेवटची जोडी 1844 मध्ये आइसलंडजवळ मारली गेली. चौथ्या रकान्यात पेन्सिलीने नुसतं प्रश्नचिन्ह. नव्या कोशांतही ते अजून पुसलेलं नाही.