तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशननंतर सावजी कधी?

वजनाच्या ऑपरेशनचं ठरवून आलेला माणूस सर्जनला विचारतो, दुखेल का, खर्च किती, सुट्टी किती दिवसांची टाकू. मग माझ्या खोलीत येतो, कारण आहाराचं मी बघते. दार लोटून झालं की हळूच विचारतो, "मॅडम, सावजी कधी खाता येईन?" सोबतची बायको कपाळावर हात मारते. कधी विचारणारी बायको असते आणि कपाळावर हात मारणारा नवरा. नागपुरात हे काम करायचं म्हटल्यावर हा प्रश्न टळत नाही, आणि मला तो आवडतोही. "आजपासून सगळं बंद, आयुष्यभर उकडलेलंच खाईन" असं छातीठोक सांगणाऱ्यांची मला जास्त धास्ती वाटते. सावजीचं विचारणाऱ्याशी निदान खरं बोलता येतं.

तर उत्तर आधी देऊन टाकते. सगळं सुरळीत असेल तर साधारण तीन महिन्यांनी दोन-चार चमचे रस्सा, वरचा तेलाचा तवंग काढून. मटण त्याच्याही नंतर, बोटाने सुटेल इतकं मऊ शिजलेलं, अगदी लहान तुकड्यांत. तेलाने मळमळतं, तिखटाने जळजळते, आणि नीट न चावलेला मटणाचा तुकडा छातीत अडकला की घाम फुटतो. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच धरा.

पण सावजीपर्यंत पोचायच्या आधी बरंच काही घडतं.

पहिला घोळ पात्रतेचा. किलोवर नाही, बीएमआयवर ठरतं: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ९० किलो असेल तर तिचा बीएमआय ३५च्या किंचित वर जातो. या शस्त्रक्रियांच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी २०२२ साली निकष बदलले. ३५ आणि त्यावर इतर आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, ३० ते ३५मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी ही रेघ २७.५ पर्यंत खाली आणावी. आपल्याकडे कमी वजनातही साखर वाढते, म्हणून. विम्याचं कलम मात्र जुन्याच रेघेवर आहे: ४०, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास. म्हणजे ३३ बीएमआय आणि साखर असलेला माणूस डॉक्टरच्या लेखी पात्र आणि विम्याच्या लेखी अपात्र असू शकतो. तारीख घेण्याआधी पॉलिसीचं ते पान वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मग तपासण्या: साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाची तपासणी, घोरणाऱ्यांची झोपेची चाचणी. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं की लोक बिथरतात. "मी वेडा दिसून राहिलो का?" वेडाचा संबंध नाही. राग आला की खाणं, रात्री उठून खाणं, दारू, नैराश्य हे आधी कळलं तर नंतरचा घात टळतो.

खर्र्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या पुडीबद्दल, थोडं थांबून बोलते, कारण विदर्भात हा विषय फॉर्मवर सापडत नाही. सिगारेट? नाही. दारू? कधीमधी. तंबाखू? नाही. आणि खिशातून पुडी डोकावत असते. खर्रा हा खाणाऱ्याच्या हिशेबात तंबाखूत मोजलाच जात नाही. त्याला तो सुपारीचा प्रकार वाटतो. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो, जखम हळू भरते, आणि बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) केलेल्यांत नव्या जोडावर अल्सर होण्याची भीती वाढते. किमान सहा आठवडे आधी बंद करायचा आणि नंतर पुन्हा धरायचा नाही. "एखादी पुडी चालते का" या प्रश्नाला माझ्याकडे सौम्य उत्तर नाही.

ऑपरेशनआधीच्या दोन आठवड्यांत बहुतेकांना कमी पिष्ट, जास्त प्रथिनं असा आखलेला, बराचसा पातळ आहार मिळतो. इथे भांडण ठरलेलं. "वजन उतरवायलाच ऑपरेशन करून राहिलो ना, मग आधी कायले उपाशी ठेवता?" त्याचं कारण यकृत आहे. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, आणि वजन जास्त असलेल्यांत तो चरबीने फुगलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. या आहाराने तो आक्रसतो आणि खालची जागा दिसते. या दिवसांत साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यायलाच हवा. खाणं निम्मं आणि इन्सुलिन पूर्ण हे धोक्याचं आहे. आणि मधल्या काळात साल्याच्या लग्नात जेवून आलात तर लपवू नका, फोन करा.

वजनाच्या ऑपरेशनचे नेहमीचे प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. काढलेल्या भागात भुकेचं एक संप्रेरक, घ्रेलिन, मोठ्या प्रमाणात तयार होत असतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूक लागल्यासारखंच वाटत नाही. तो भाग परत जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. कोणाला कोणतं, हे सर्जन ठरवतात. आधीपासून खूप आंबट ढेकर आणि जळजळ असेल तर स्लीव्हबद्दल दोनदा विचारा, ती वाढू शकते.

दवाखान्यात दोन-तीन दिवस लागतात. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, कारण पायात रक्ताची गुठळी होणं परवडणारं नाही. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, म्हणून पुष्कळ जण घाबरतात. पोट फुगवायला वापरलेल्या वायूचं ते दुखणं असतं, चालल्याने कमी होतं. खरं घाबरायचं ते नाडी सतत १२०च्या वर गेली, ताप आला, पोटातलं दुखणं वाढत चाललं, धाप लागली किंवा पोटरी सुजली तर. टाक्याच्या रेषेतून गळती क्वचित होते, पण झाली तर तासांचा प्रश्न असतो. "सकाळी बघू" म्हणायचं नाही.

घरी आल्यावर सुमारे दोन आठवडे पातळ, मग दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण, पण वाटीच्या मापात. हा तक्ता सगळ्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला असतो. घोळ होतो तो वरणाच्या पाण्यात. आपल्याकडे आजारी माणसाला वरणाचं पाणी द्यायची रीत आहे. आईची, सासूची माया त्यात असते, पण प्रथिनं नावापुरती. डाळ भांड्यात खाली बसते आणि आपण वरचं पिवळं पाणी पाजतो. ऑपरेशननंतर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० मिली दुधात ३ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा सुरुवातीला प्रथिनांची पावडर घ्यावी लागते, ती जाहिरातीतली चैन नाही. पुढे पनीर, अंडं, घट्ट दही, मासे, घोटलेलं घट्ट वरण. ताटात आधी प्रथिनं खायची, जागा उरली तर बाकीचं.

पाणी घोटाघोटाने, दिवसभर. जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. एका दमात ग्लास संपवायची सवय मोडावी लागते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते सगळ्यात अवघड जातं. पारा ४५ला टेकलेला असताना दीड-दोन लिटर पाणी चमच्याचमच्याने पोटात उतरवणं हे पूर्णवेळ काम आहे. तारीख तुमच्या हातात असेल तर मे महिना टाळा, असं मी उघड सांगते. सर्जन हसतात. पण चक्कर येऊन सलाइन लावायला येणारे मला उन्हाळ्यातच जास्त दिसतात.

अडकणाऱ्या पदार्थांत पहिला नंबर पोळीचा. मऊ, ताजी, तूप लावलेली पोळी तोंडात गोळा होते आणि तशीच खाली जाऊन बसते. भातही फुगतो. बरेच जण पहिल्या वर्षात पोळीऐवजी पातळ, कडक भाकरीचा तुकडा बरा म्हणतात. संत्र्याचं ऐकून नागपूरकर दुखावतात, पण सांगते: पाकळीचं पांढरं साल नीट पचत नाही, लहान झालेल्या जठरात त्याचा गोळा होऊ शकतो. साल सोलून आतला गर खा. आणि बायपास झालेल्यांनी संत्रा बर्फीपासून लांबच राहावं. साखर एकदम आतड्यात उतरते, छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. एकदा झालेला माणूस दुसऱ्यांदा बर्फीकडे बघत नाही, असं वाटेल तुम्हाला. बघतो.

तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला केस जायला लागतात आणि फोन सुरू होतात. शरीराने इतक्या झपाट्याने वजन उतरवल्याचा तो परिणाम असतो, आणि लोह-प्रथिनं नीट असतील तर वर्षाच्या आत केस परत येतात. तेलं बदलू नका, प्रथिनं मोजा. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडेही होऊ शकतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात. पीसीओडीमुळे दिवस राहत नव्हते अशा मुलींना ऑपरेशननंतर अनपेक्षितपणे दिवस राहू शकतात, आणि बाळासाठी ते बरं नसतं. किमान वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नये, डॉक्टरांशी दुसऱ्या उपायाचं बोलावं. हे सासूसमोर विचारता येत नसेल तर एकट्या या.

वजन साधारण वर्ष ते दीड वर्ष उतरतं, मग थांबतं. बहुतेकांचं मूळ वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के जातं. १२० किलोची बाई ८५-९० वर स्थिरावली तर ते यश आहे, पण तिच्या डोक्यात लग्नातला ५५ किलोचा फोटो असतो, आणि शेजारीण विचारतेच, "अजून एवढीच?" पुढे थोडं वजन परत येतं, भूकही परत येते. ते अपयश नाही, पण तेव्हा आमच्याकडे यायचं असतं आणि नेमके तेव्हाच लोक लाजेने येणं बंद करतात. सैल पडलेली कातडी राहते, व्यायामाने पूर्ण जात नाही. पंगतीत आग्रह होतो. नवरा नवा सदरा घेतो आणि बायकोला घरात दोन प्रकारचा स्वयंपाक करावा लागतो. ऑपरेशनआधी तिला सोबत आणा म्हणते ते यासाठी.

गोळ्या आयुष्यभर: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड, बी-१२, आणि पाळी येणाऱ्या बायकांना जास्तीचं लोह. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. पहिलं वर्ष सगळे घेतात. वजन उतरलं, तब्येत छान वाटली की पट्ट्या ड्रॉवरमध्ये जातात. बी-१२ची कमतरता हळूहळू येते, मुंग्या येईपर्यंत कळत नाही. सतत उलट्या होत असतील तर मात्र थांबायचं नाही. बी-१ काही आठवड्यांत संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोल जातोय, डोळ्यांना दोन दिसतंय, असं झालं तर थेट दवाखाना, आणि सलाइनमधून ग्लुकोज सुरू करायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना तुमचं ऑपरेशन झाल्याचं सांगा.

रक्त पहिल्या वर्षी तीन-तीन, सहा-सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासायचं. रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तरी चालेल, फक्त सगळी पानं पाठवा, आणि फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, आकडे दिसत नाहीत.